तोर्कोचं बोट

बेगायिम : …तर नखाच्या मुळाशी ही जी चामडीची कड आहे ना जिबेक एजे, ती जेमतेम एक मिलिमीटर रुंद आहे. इतरत्र केसाहून बारीक रक्तवाहिन्या चामडीत उभ्या असतात, वरून बघितलं तर नुसते ठिपके दिसतात. या एवढ्याशा कडेवर मात्र त्या आडव्या पडलेल्या असतात. म्हणून अख्ख्या माणसातली हीच जागा आम्ही निवडतो.

जिबेक : म्हणजे माणसाच्या आत डोकवायची खिडकी नखाच्या बुडाशी. आणि मी जन्मभर तिथली लोकर टोकरून काढत बसले.

बेगायिम : डावा हात असाच राहू द्या. तेलाचा थेंब टाकते.

जिबेक : आणखी तेल? सत्तावन्न वर्षांची झाले, त्यातली चाळीस मेंढीच्या लोकरीत गेली. तिचं तेल मुरलंय की हातात.

बेगायिम : चामडी वरून खडबडीत असते. उजेड तिच्यावर पडला की इकडेतिकडे फाकतो, आत फारसा जात नाही. तेल लावलं की खाचा भरतात आणि उजेडाला वाट मिळते.

जिबेक : कणकेचे बोर्सोक तळून वर्तमानपत्रावर काढले की मागच्या पानावरची अक्षरं दिसायला लागतात, तसं.

बेगायिम : अगदी तसंच. हेच मी बिश्केकला विद्यार्थ्यांना तीन तास शिकवते.

जिबेक : तीन तासांत पातेलंभर बोर्सोक होतात, पोरी. नाझिक, ऐकतेस ना? तुला मी फुकटात शिकवते.

नाझिक : ऐकतेय, आपा.

बेगायिम : आता पडद्याकडे बघा. काळ्यावर पांढरं दिसतंय ते तुमचं रक्त, आत्ता, या क्षणी वाहणारं. सुई नाही, चिरा नाही.

जिबेक : केसात खोवायच्या आकड्यांसारखं आहे. एका पायाने वर जायचं, वळायचं, दुसऱ्या पायाने खाली यायचं. आणि मधे मधे हे काय? आकडे संपले?

बेगायिम : तेच मोजायचं असतं. एका मिलिमीटरात किती वळणं. आठ-नऊ असली तर बोट छान. तुमच्या या तर्जनीत पाच आहेत.

जिबेक : आणि बाकीची जागा?

बेगायिम : रिकामी. बोटं पांढरी कधीपासून पडतात?

जिबेक : थंडी पडली की.

बेगायिम : किती वर्षं?

जिबेक : थंडी दर वर्षी पडते.

बेगायिम : नाझिक, तू सांग. घरात तूच बघतेस ना?

नाझिक : आधी पांढरी होतात, मेणासारखी. मग निळी. मग लाल होऊन ठणकतात. आपा हात कुशीत धरून बसतात, पण कुणाला सांगत नाहीत. या वसंतापासून तर्जनीच्या टोकाला जखम आहे, ती भरतच नाही. मी पट्टी करून वरून तो… किड्याचा धागा बांधला होता.

बेगायिम : कशाचा?

नाझिक : किड्याचा. किडा स्वतःभोवती गुंडाळतो, तो धागा. गुळगुळीत असतो.

जिबेक : रेशमाचा म्हणायचंय तिला. जिबेक म्हणजे रेशीम, आणि जिबेक म्हणजे सासू. शब्द तोंडातून निघाला तर माझ्या डोक्यावर छप्पर कोसळेल असं तिला तिच्या आजीने पढवून पाठवलंय. दोन वर्षं झाली लग्नाला. दुकानात जाऊन सुद्धा “तो किड्याचा द्या” म्हणते. दुकानदाराने एकदा मासे पकडायची अळी बांधून दिली.

नाझिक : ती मी परत केली, आपा.

जिबेक : केलीस. आणि म्हणून तुझ्या नवऱ्याला मासे मिळाले नाहीत.

बेगायिम : जखम भरत नाही हे मात्र चांगलं नाही, एजे. डॉक्टरांनी तुम्हाला बिश्केकला येऊन दाखल व्हा म्हणून कधी सांगितलं?

जिबेक : मागच्या शरदात.

नाझिक : आणि त्याच्या मागच्याही. दोन चिठ्ठ्या आहेत. आरशामागे खोचून ठेवल्यात.

जिबेक : शरदात लोकर निघते. लोकर धुवायची, पिंजायची, तिचे जाड नमदे लाटायचे, मग हिवाळाभर त्यांतून शिरदाक गालिचे कापायचे. लोकर काय माझ्या चिठ्ठ्या वाचते? आणि खरं सांगू का डॉक्टरीणबाई…

बेगायिम : मी डॉक्टर नाही. माझा विषय उजेड. औषध देण्याचा मला अधिकार नाही.

जिबेक : बरं झालं, मग तुला खरं सांगता येईल. माझी मावशी अशीच पांढरी बोटं घेऊन शहरातल्या इस्पितळात गेली. दहा नेली होती, आठ घेऊन आली. या डाव्या तर्जनीने मी नमदा दाबून धरते आणि उजव्या हाताने सुरी फिरवते. हे बोट गेलं तर मी फक्त चहा ओतायच्या कामाची. म्हणून चिठ्ठ्या आरशामागे.

बेगायिम : मावशी कधी गेल्या होत्या?

जिबेक : मी लग्न होऊन आले त्या वर्षी.

बेगायिम : तेव्हा आत काय चाललंय हे बोट काळं पडल्याशिवाय कुणाला कळत नव्हतं. आता पाच दिवस सलाईनमधून औषध देतात, वाहिन्या उघडायला. लवकर दिलं तर. उशिरा दिलं तर फारसा उपयोग नाही. म्हणून मला हे कळायला हवं की तुमचं बोट किती वेगाने बदलतंय. आजचा एकच फोटो आहे माझ्याकडे. एका फोटोवरून वेग कळत नाही.

जिबेक : एकच कसा? दोन वर्षांपूर्वी याच दवाखान्यात, याच खोलीत माझं बोट घेतलं होतं. तू नव्हतीस. एक दाढीवाला होता, सारखा शिंकत होता.

बेगायिम : तो माझा सहकारी, त्याला लोकरीचा त्रास होतो. पण सकाळी मी यादी बघितली. त्या वर्षी तुमच्या गावातल्या तेवीस बायका आहेत, तुम्ही नाही. तुमचा तेव्हा रक्तदाब घेतला असेल.

जिबेक : रक्तदाब बोटाला तेल लावून घेतात?

बेगायिम : यादीत नाव नाही एजे, तर माझ्या लेखी ते झालेलं नाही. असं करू, निरोगी बोट कसं दिसतं ते तुम्हाला दाखवते, म्हणजे फरक कळेल. हा त्याच वर्षीचा फोटो. तुमच्याच गावातली बाई. वय पासष्ट, नमद्यांचंच काम, तक्रार काही नाही. बघा, एका मिलिमीटरात नऊ.

जिबेक : पासष्टची? कोण गं?

बेगायिम : नाव सांगायचं नसतं, नियम आहे.

जिबेक : जरा मोठं कर.

बेगायिम : आकडे कसे ओळीने उभे आहेत बघा. असं बोट…

जिबेक : आकडे नको दाखवूस. त्यांच्या मधली जागा दाखव. उजवीकडे. आणखी थोडं. थांब.

बेगायिम : इथे काही नाही.

जिबेक : तू शिंगं बघतेस, आमच्या शिरदाकावरच्या नक्षीत असतात तशी. आमच्यात एका रंगाच्या नमद्यावर दुसऱ्या रंगाचा ठेवतात आणि दोन्ही एकदम कापतात. पांढऱ्यातून निघालेलं शिंग तपकिरीत बसतं, तपकिरीतलं पांढऱ्यात. टाकायला चिंधी उरत नाही. म्हणून कापणारी बाई शिंगांकडे बघत नाही, शिंगांच्या मधल्या जागेकडे बघते. ती बरोबर आली की शिंग आपोआप बरोबर येतं. ही जागा बघ. तिरकी चीर, तिच्या दोन्ही बाजूंनी एकेक आकडा तिच्यावर वाकलाय. डावा पूर्ण, उजव्याचं टोक तुटलेलं. आता माझा आजचा फोटो शेजारी लाव.

बेगायिम : लावला.

जिबेक : इथे. आकडे कमी झालेत, पण चीर तीच आहे. तोच तिरपेपणा, तेच तुटकं टोक. सतरा वर्षांची होते तेव्हा सुरी सटकून नखाच्या बुडाशी बसली होती. वरून आता काही दिसत नाही. आत अजून आहे म्हणायची.

बेगायिम : थांबा. एकावर एक ठेवून बघते. मापं जुळवते… कोन तोच. चिरेची लांबी तीच. टोकापासून अंतर… तेही तेच.

जिबेक : दोन्ही एकाच सुरीचे आहेत, पोरी.

बेगायिम : हे शक्य नाही. या बाईचं नाव वेगळं आहे, आडनाव वेगळं आहे, वय वेगळं आहे.

जिबेक : आता नियम राहू दे आणि नाव सांग.

बेगायिम : तोर्को. तोर्को मामितोवा.

जिबेक : आमच्या गावात तोर्को नावाची बाई नाही. कधी नव्हतीच. मामितोव्ह तर डोंगरापलीकडचे, नाझिकच्या माहेरचे… नाझिक.

नाझिक : (खिडकीबाहेर बघत) हं, आपा?

जिबेक : नाझिक, खिडकीबाहेर काही नाही. इकडे बघ.

नाझिक : तेव्हा आपा आत गरम खोलीत बसल्या होत्या. हात उबदार व्हावे म्हणून वीस मिनिटं बसवतात. नर्सने मला बाहेर बोलावलं, म्हणाली सासूचं नाव सांग. मला लग्न होऊन एक महिना झाला होता.

बेगायिम : मग?

नाझिक : ते कसं घेऊ? किड्याच्या धाग्याचं भारी कापड असतं ना, त्याला आमच्याकडे तोर्को म्हणतात. अर्थ तोच लागतो. म्हणून तोर्को म्हटलं.

बेगायिम : आणि मामितोवा?

नाझिक : ते माझं. सासरचं आडनाव आजेसासऱ्यांच्या नावावरून आलंय. ते तर त्याहून अवघड.

जिबेक : आणि पासष्ट?

नाझिक : वय मी नाही सांगितलं, आपा. नर्सने तुमच्याकडे बघून लिहिलं.

जिबेक : दोन वर्षांपूर्वी मी पंचावन्नची होते.

बेगायिम : एजे, तुमच्या लक्षात येतंय का? मी तुम्हाला तुमचंच बोट दाखवून सांगत होते की असं बोट हवं.

जिबेक : येतंय. मला माझाच हेवा वाटला.

बेगायिम : आणि मी ते बोट निरोगी बायकांच्या गटात घातलं होतं. गेलं वर्षभर माझ्या हिशेबात निरोगी गटात एक आकडा खटकत होता, पासष्टच्या मानाने जरा जास्तच चांगला. मी यंत्राची भिंगं तीनदा पुसली. हे सुनेने सांगितलेलं नाव असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही. आणि माझी आई सुद्धा सासऱ्याचं नाव घेत नव्हती.

जिबेक : बाकीची नावं वाच. कुठल्या सुना कुठे अडल्या ते मी सांगते.

बेगायिम : नियम…

जिबेक : नियमाने तुला तोर्को दिली.

बेगायिम : बरं. “सारी” आहे एक. आडनाव नाही.

जिबेक : सारी म्हणजे पिवळी. ती अल्तिन. सोनं म्हणता येत नाही, म्हणून पिवळी. खालच्या पुलाजवळचं घर.

बेगायिम : “चकमकीची आई”?

जिबेक : मुलगा तेमिर. तेमिर म्हणजे लोखंड, सुनेला नवऱ्याचंही नाव घेता येत नाही, म्हणून चकमक. पुढचं नंतर बघू, आधी हे सांग. दोन वर्षांपूर्वी नऊ होते, आज पाच. वेग कळला?

बेगायिम : कळला.

जिबेक : चांगला की वाईट?

बेगायिम : जलद आहे, एजे. मला वाटलं होतं त्यापेक्षा जलद.

नाझिक : तेव्हाच कळलं असतं ना? मी नीट नाव सांगितलं असतं तर?

बेगायिम : तेव्हा नऊ होते. नावाने फरक पडला नसता. पण इथे “तक्रार नाही” असंही लिहिलंय.

नाझिक : तेही मीच सांगितलं. एक महिन्याची सून, आपा आजारी आहेत असं परक्या बाईला कसं सांगणार? घरी गेल्यावर कुणी म्हटलं असतं, आली नाही तोच सासूला आजारी पाडलं.

जिबेक : बस कर. तुला माहीत होतं का तेव्हा? मी पीठ मळायला बसायचे, हात पिठात असले की पांढरे दिसले तरी कळत नाही. तू आल्यापासून माझ्या घरात जास्त भाकरी होतात ते कशामुळे? तू नाव लपवलंस, मी हात लपवले.

नाझिक : मला वाटायचं तुम्हाला माझ्या हातची भाकरी आवडत नाही.

जिबेक : ते पण आहेच. बेगायिम, आता एक विचारू? त्या मोकळ्या जागा तू रिकाम्या म्हणालीस. नक्की रिकाम्या आहेत, की तुझ्या मशीनला दिसत नाहीत?

बेगायिम : म्हणजे?

जिबेक : मी मघाशी विचारणार होते. हे मशीन रक्त ओळखतं कसं?

बेगायिम : एकाच जागेवर लागोपाठ दोनदा उजेड टाकतं. दोन्ही वेळी परत आलेला उजेड ताडून बघतं. चामडी, मांस जागच्या जागी असतं, ते दोन्ही वेळा सारखंच येतं, म्हणून वगळतं. रक्त तेवढ्यात सरकलेलं असतं. जे बदललं, तेवढंच पांढरं दाखवतं.

जिबेक : मग जे रक्त हळू चालतंय, त्याचं काय? डोंगरावर लांबवर चरणारी मेंढरं बघ. नजर टाकून लगेच दुसऱ्यांदा बघितलं तर दगड वाटतात. चहा पिऊन बघितलं तर हललेली असतात.

बेगायिम : चहा पिऊन…

जिबेक : काय झालं? मूर्खासारखं विचारलं का?

बेगायिम : नाही. आम्हाला हे माहीत आहे. दोन वेळांमधलं अंतर वाढवलं तर हळू रक्तही दिसतं. पण तेवढ्यात माणसाचं बोट हलतं. श्वासाने, ठोक्याने, नुसत्या कंटाळ्याने. सगळा फोटो फिसकटतो. म्हणून गावोगावच्या तपासणीत आम्ही ते करतच नाही.

जिबेक : किती वेळ हलायचं नाही?

बेगायिम : तुमच्यासाठी… दीड मिनिट. केसाएवढंही नाही.

जिबेक : नमद्याचे चार थर एका दमात कापताना मी किती वेळ हलत नाही ते नाझिकला विचार.

नाझिक : एकदा मधमाशी गालावर बसली होती. शिंग पूर्ण होईपर्यंत आपांनी पापणी हलवली नाही.

जिबेक : चावली ती. पण शिंग चांगलं आलं. लाव तुझं मशीन.

(दीड मिनिट कुणी बोलत नाही. खोलीत मशीनच्या पंख्याची घरघर, आणि बाहेर कुणीतरी घोडा बांधतंय त्याचा आवाज.)

बेगायिम : झालं. श्वास घ्या.

जिबेक : घेतच होते. श्वास बोटाने घेत नाहीत. दिसलं का काही?

बेगायिम : थोडं थांबा, हिशेब चालू आहे. मी चाळीस जणांवर हे करून बघितलंय आणि दोघांचाच फोटो धड आला. तुमचा… तुमचा तर…

नाझिक : काय आहे, डॉक्टरबाई?

बेगायिम : ये, तूही बघ. हे मघाचं, पाच पांढरे आकडे. आणि हे आत्ताचं. मधल्या जागेत करड्या रेषा दिसतायत? एक, दोन. तिसरी अर्धवट आहे, ती मी धरत नाही.

नाझिक : फिक्या आहेत. पण आहेत.

जिबेक : खडूने आखून ठेवलेल्या, अजून न कापलेल्या.

बेगायिम : रक्त आहे तिथे. जवळजवळ थांबलंय, पण आहे. ज्या वाहिन्या मेल्या त्या परत येत नाहीत, एजे, ते मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. इथे डावीकडे खरंच काही नाही. पण या दोन उघडू शकतात. उघडतीलच असं मी म्हणणार नाही, ते डॉक्टर बघतील. मी फक्त एवढं म्हणू शकते की अजून उघडायला काहीतरी शिल्लक आहे.

जिबेक : आणि लोकर धुऊन, लाटून झाल्यावर गेले तर? नोव्हेंबरात?

बेगायिम : नऊचे पाच व्हायला दोन वर्षं लागली. त्यातलं सगळ्यात जास्त नुकसान हिवाळ्यात झालं असणार. नदीच्या पाण्यात हात घालून तुम्ही नोव्हेंबरात आलात तर या दोन करड्या रेषा मला दिसतील की नाही, ठाऊक नाही.

जिबेक : लोकर धुवायची कुणी मग?

नाझिक : मी दोन वर्षं म्हणतेय मी धुते. तुम्ही बादली हातात देत नाही.

जिबेक : तू पिळताना लोकरीच्या गुठळ्या करतेस.

नाझिक : मग गुठळ्या होऊ दे. मी हिवाळाभर सोडवत बसेन.

जिबेक : आणि अर्धा आखलेला नमदा? पांढऱ्यावर तपकिरी, मधलं शिंग तसंच राहिलंय.

नाझिक : त्याला मी हात लावणार नाही. तुम्ही परत येऊन कापाल.

जिबेक : दहा बोटांनी?

नाझिक : ते मला कसं माहीत, आपा. पण न जाता किती राहतील ते आत्ता पडद्यावर बघितलं.

जिबेक : ऐकलंस, बेगायिम? एक महिन्याची होती तेव्हा नर्सला नाव सांगता आलं नाही. आता मला सुनावते.

बेगायिम : मी ऐकतेय. आणि इस्पितळात माझी मैत्रीण फोनवर आहे, मघाशीच लावला. ती म्हणते सोमवारी एक खाट रिकामी होतेय. आता विचारलं तर मिळेल, दुपारनंतर नाही. मला हो किंवा नाही सांगा, एजे. मी आग्रह करणार नाही.

जिबेक : मावशी गेली त्या सकाळी पण असंच ऊन होतं.

बेगायिम : मावशीचं बोट आतून कुणी बघितलं नव्हतं.

जिबेक : नव्हतं खरं. …ती काय विचारतेय फोनवर?

बेगायिम : रुग्णाचं नाव विचारतेय. आणि कान पकडून सांगते, या वेळी नाव मी लिहिणार नाही. घरच्या माणसाने स्वतः सांगायचं, पासपोर्टावर आहे तसं.

जिबेक : माझे हात तेलाचे आहेत. फोन माझ्या सुनेकडे दे.

नाझिक : आपा…

जिबेक : घे, पोरी. छप्पर पडलं तर दवाखान्याचं पडेल, आपलं नाही.

नाझिक : हॅलो. हो, सोमवारी येतोय. आम्ही दोघी. लिहून घ्या… जिबेक. हो. रेशीम असतं ना, तेच.